क्षेत्र कोणाचे?

शरीर कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी फार जुन्या काळी विचारला आणि त्याची उत्तरेही अनेक दिली. परंतु ती देताना त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा संन्यासी पुरुषाचे, म्हणजे स्वतःच्या इच्छेने देहावरची पकड सोडू पाहणाऱ्या माणसाचे शरीर होते. ज्या व्यक्तीच्या देहावर नवरा, सासर, विटाळाचे नियम आणि मजुरीचा मुकादम यांनी आधीच आपापले हक्क सांगितलेले आहेत, तिने ‘हा देह माझा नव्हे’ असे म्हणणे आणि तिच्याविषयी इतरांनी तसे म्हणणे, या दोहोंत काय अंतर आहे, याचा विचार त्या मानाने थोडा झाला. स्त्रियांच्या ओटीपोटात होणाऱ्या काही दुर्मीळ गाठी हा विचार टाळू देत नाहीत, कारण त्यांच्या उपचारात किती कापायचे, काय शिल्लक ठेवायचे आणि शरीराचे कोणते चक्र किती काळ थांबवायचे याचे एकच शास्त्रीय उत्तर नसते, आणि जिथे शास्त्र एकच उत्तर देत नाही तिथे कोणीतरी माणसाने निर्णय घ्यावा लागतो.

या गाठींपैकी विचाराला सर्वांत अवघड अशी एक गाठ १९८३ मध्ये स्टीपर आणि रोझाय या विकृतिशास्त्रज्ञांनी प्रथम वेगळी ओळखली. अ‍ॅग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा या नावाने ती ओळखली जाते. बुळबुळीत, पाणीदार द्रव्यात विखुरलेल्या पेशी आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या पुष्कळ रक्तवाहिन्या, अशी तिची घडण असते. ती मुख्यतः पाळी चालू असलेल्या वयात, विशेषतः तिशी-चाळिशीत, योनिमार्गाभोवती, योनी व गुदद्वार यांच्यामधील भागात आणि ओटीपोटाच्या खोल पोकळीत वाढते. पुरुषांत ती क्वचितच आढळते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी निरुपद्रवी दिसतात, त्यांची वाढ संथ असते आणि दूरच्या अवयवांत ती गेल्याची उदाहरणे सगळ्या जगात मोजकीच आहेत, म्हणजे रूढ अर्थाने तो कर्करोग नव्हे. तरीही तिला ‘आक्रमक’ म्हटले जाते ते तिला स्वतःची कड नसल्यामुळे. मूत्राशय, गुदाशय, स्नायू आणि चरबी यांच्या फटींतून ती शिरत जाते, बाहेरून लहान भासणारी सूज आत वीतभर पसरलेली असू शकते, आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनी ती त्याच जागी पुन्हा वाढू लागते. गर्भाशयाच्या अस्तराखालील ऊतीचा मंदगती सार्कोमा किंवा गर्भाशयाच्या स्नायूंची शिरांतून वर सरकत जाणारी गाठ, यांसारखे आणखी काही विरळ आजार याच कुळातले नसले तरी एका बाबतीत तिच्यासारखे आहेत: त्यांच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्रीसंप्रेरकांचे ग्राही, म्हणजे त्या रसायनांना पकडणारे रेणू, असतात आणि अंडाशयातून येणाऱ्या संप्रेरकांवर त्यांची वाढ बरीचशी अवलंबून असते.

कड नसलेल्या गाठीपुढे शल्यशास्त्राचा सर्वांत जुना नियम अडखळतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्बुदाविषयी, म्हणजे खोल रुजलेल्या, न पिकणाऱ्या गाठीविषयी, असा स्पष्ट निर्देश आहे की दोषाचा अंश मागे ठेवून काढलेले अर्बुद लवकरच पुन्हा उद्भवते आणि उरलेल्या विस्तवाप्रमाणे घात करते, म्हणून ते निःशेष काढावे. विसाव्या शतकातील शल्यचिकित्सकही याहून वेगळे काही सांगत नव्हते. गाठीभोवतीची निरोगी ऊतीची रुंद किनार गाठीबरोबरच काढावी, हा त्यांचा दंडक होता. ओटीपोटाच्या तळाशी मात्र अशी किनार मिळवायची म्हणजे मूत्राशयाचा, गुदाशयाचा किंवा योनीचा भाग गमवायचा, आणि त्याबरोबर लघवी-शौचावरचा ताबा व शरीरसंबंधाची क्षमताही पणाला लावायची. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने, समूळ उच्छेद हाच एक मार्ग आहे काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारला, आणि नोंदल्या गेलेल्या रुग्णांची तुलना करता असे दिसले की ज्यांच्या कापलेल्या कडेवर गाठीच्या पेशी उरल्या होत्या आणि ज्यांच्या उरल्या नव्हत्या, त्यांच्यात गाठ पुन्हा येण्याचे प्रमाण फारसे वेगळे नव्हते. निःशेषतेसाठी दिलेली किंमत अनेकदा वाया गेली होती, असा त्याचा अर्थ.

त्याच सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात या दंडकाला छेद देणारी दुसरी कल्पनाही आहे. साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये ‘याप्य’ नावाचा रोगांचा एक वर्ग तिथे मानला आहे. याप्य रोग बरा होत नाही, पण उपचार चालू आहेत तोवर रोगी तग धरतो, आणि पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरतो तसे ते उपचार त्याला सावरतात. वैद्यांच्या दृष्टीने हा वर्ग काहीसा कमीपणाचाच राहिला, कारण त्यात विजयाचा क्षण येत नाही. वेदान्ताने मात्र शेषाशी अधिक समजूतदारपणे जमवून घेतले आहे. ज्ञान झाल्यावर साठलेले कर्म नाहीसे होते आणि पुढचे कर्म चिकटत नाही, पण ज्याचे फळ द्यायला सुरुवात झाली आहे ते प्रारब्ध ज्ञान्यालाही देह पडेपर्यंत भोगून संपवावे लागते, असे ते दर्शन मानते. म्हणजे जीवन्मुक्ताचे जीवन हे शेषासह जगलेले जीवन आहे आणि त्या शेषामुळे त्याच्या मुक्तीला उणेपणा येत नाही. ओटीपोटात गाठीचा अंश बाळगून जगणाऱ्या स्त्रीला डॉक्टर ‘पूर्ण निघाली नाही’ असे सांगतो तेव्हा ते वाक्य अपयशाच्या कबुलीसारखे ऐकू येते. ते तसे ऐकू यायलाच हवे असे नाही, एवढे बळ तरी या परंपरेत आहे.

संप्रेरकोपचार हा या मधल्या वर्गातला उपाय आहे. अंडाशय आणि दूरच्या गाठीची वाढ यांचा संबंध असतो हे प्रथम ग्लासगोच्या जॉर्ज बीट्सन या शल्यचिकित्सकाने दाखवले. १८९५ मध्ये त्याने स्तनाच्या पुढे गेलेल्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका तरुण स्त्रीची दोन्ही अंडाशये काढली आणि तिची गाठ विरत गेली. दुधाळ गायीची अंडाशये काढली तर ती अधिक काळ दूध देते, ही गोपालकांची माहिती त्याच्या विचाराला चालना देणारी ठरली होती, आणि त्या वेळी ‘हार्मोन’ हा शब्दही घडलेला नव्हता. जे बीट्सनने चाकूने केले ते आज इंजेक्शनने, आणि परतीची वाट मोकळी ठेवून, करता येते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून दहा अमिनो आम्लांचा एक छोटा संदेशरेणू ठरावीक अंतराने स्पंदनांसारखा सुटतो. तो पियूषिका ग्रंथीला जागे करतो आणि ती ग्रंथी अंडाशयांना. डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या लाखो मेंदूंचे तुकडे गोळा करून अशा संदेशरेणूंचा शोध घेणाऱ्या अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमँ यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या रेणूची टिकाऊ नक्कल (ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन अशा नावांची औषधे) शरीरात सतत ठेवली की पियूषिका सुरुवातीला उत्तेजित होते आणि मग अखंड हाकेला कंटाळल्यासारखी प्रतिसाद देणेच सोडते. अंडाशये शांत होतात, इस्ट्रोजेन पाळी गेलेल्या वयाइतके खाली येते आणि त्यावर पोसलेली गाठ आकसू लागते. २००१ पासून अँजिओमिक्सोमात याचा उपयोग झाल्याच्या नोंदी आहेत, कधी शस्त्रक्रियेपूर्वी गाठ लहान करण्यासाठी, तर कधी शस्त्रक्रियेऐवजी. पाळी गेलेल्या स्त्रियांत चरबीसारख्या ऊतींत होणारी इस्ट्रोजेनची निर्मिती रोखणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या वापरतात.

या उपायाची किंमतही आहे. अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटणे, झोप उडणे, योनीचा कोरडेपणा, चिडचिड आणि मुख्य म्हणजे हाडांची झीज. त्यामुळे हे इंजेक्शन एकट्याने बहुधा सहा महिन्यांपलीकडे सहजासहजी चालू ठेवत नाहीत, आणि थांबवले की पाळीबरोबर गाठही परतण्याचा संभव असतो. बुद्धाने अनात्मवादाचे विवेचन करताना मांडलेला युक्तिवाद इथे आठवल्याशिवाय राहत नाही: रूप, म्हणजे देह, जर आत्मा असता तर ‘माझे रूप असे होवो, असे न होवो’ अशी आज्ञा त्याला देता आली असती; ती देता येत नाही, यावरून ते आपले नव्हे. संप्रेरकोपचाराने हा युक्तिवाद खोडून निघत नाही, उलट त्याला एक चमत्कारिक पुष्टी मिळते. गाठीला आज्ञा देता येत नाहीच. देता येते ती केवळ पियूषिकेला हूल, आणि तिची मुदत ठरलेली असते.

पाळी औषधाने थांबवणे म्हणजे निसर्गात, किंवा देवाने नेमलेल्या ऋतुचक्रात, ढवळाढवळ नव्हे काय, अशी शंका धार्मिक मनाच्या माणसाकडून येऊ शकते आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पण तिचे उत्तर समाजाने आपल्या वागण्याने आधीच देऊन ठेवले आहे. गौरी-गणपती, सत्यनारायण किंवा लग्नकार्य जवळ आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घरोघरी घेतल्या जातात, आणि त्या गोळ्या म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे कृत्रिम संप्रेरकच असते. सोवळ्यासाठी जी ढवळाढवळ चालते ती प्राणासाठी का चालू नये, असे कोणी विचारले तर त्याला शास्त्राधार शोधावा लागणार नाही. ज्या विटाळासाठी हा खटाटोप चालतो त्याचा पायाही मराठी धर्मविचारात फार आधी तपासला गेला आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी रजःस्राव हा शरीराच्या इतर द्वारांतून होणाऱ्या स्रावांसारखाच एक स्राव असल्याचे आपल्या शिष्यपरिवाराला समजावले, याची नोंद महानुभाव वाङ्मयात आहे, आणि चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी विटाळावाचून एकही देह उत्पन्न होत नाही, मग सोवळा कोण, असा पेच आपल्या अभंगातून टाकला. या दोघांचे म्हणणे सातशे वर्षांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतही पुरते पोहोचले नाही, ही गोष्ट वेगळी.

हा प्रश्न पुस्तकातून काढून एखाद्या ठिकाणी ठेवून पाहायचा तर आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूर त्यासाठी योग्य आहे. तेलंगणात २०१६ मध्ये जिल्हे व मंडळे नव्याने आखली गेली तेव्हा भीमपूर स्वतंत्र मंडळ झाले. त्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा आहे, आणि कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्यात मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी आणि तेलुगू एकमेकींत मिसळून बोलल्या जातात. अशा गावातल्या बाईला खाली गाठ जाणवली तर ती ‘अंग बाहेर येतंय’ म्हणून स्वतःची समजूत घालते, कारण गर्भाशय खाली उतरण्याचा आजार परिचयाचा असतो. डॉक्टरकडे गेलीच तर योनिमुखाजवळच्या ग्रंथीची गाठ किंवा हर्निया असे निदान होण्याचा संभव मोठा, आणि ही चूक मोठमोठ्या शहरांतही होते, कारण अनेक स्त्रीरोगतज्ज्ञांनी आयुष्यभरात ही गाठ एकदाही पाहिलेली नसते. आदिलाबादला २००८ पासून राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था, लोकांच्या बोलण्यातले ‘रिम्स’, आहे; पण ऊतीच्या तुकड्यावर संप्रेरक-ग्राहींची तपासणी, एमआरआयचे अनुभवी वाचन आणि खोल ओटीपोटाची शस्त्रक्रिया हे सगळे एकत्र हवे असेल तर दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद किंवा उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. त्या आधीची सर्वांत लांब वाट मात्र घरातच असते: जागेचे नाव घेण्याची लाज.

याच पैनगंगेच्या वरच्या अंगाला माहूर आहे. तिथे रेणुकेची उपासना केवळ मुखरूपात होते, तिथेच अनसूयेचे आणि दत्तात्रेयाचे स्थान आहे, आणि दत्तात्रेयांना पंचकृष्णांत गणणाऱ्या महानुभावांनाही माहूर पवित्र आहे. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचा शिरच्छेद केला आणि मग वर मागून तिला जिवंत केले, ही कथा सर्वश्रुत आहे. दक्षिणेतील रेणुका, यल्लम्मा व मातंगी यांच्या कथांच्या काही पाठांत धड आणि शिर यांची अदलाबदलही होते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या १९७८ च्या ग्रंथात रेणुकेसारख्या मातृदेवतांचा संबंध ज्या प्राचीन मूर्तींशी जोडला त्या शिर नसलेल्या, पाय फाकवून जननेंद्रिय उघडे ठेवणाऱ्या मूर्ती मराठवाड्यातील तेर येथे आणि तेलंगणातील आलमपूर येथे सापडलेल्या आहेत. या प्रतिमांतून आधुनिक स्त्रीमुक्तीचा धडा काढण्याचा मोह टाळलेला बरा. त्या सुफलतेच्या, पीक आणि अपत्य मागणाऱ्या उपासनेच्या प्रतिमा आहेत. एवढे मात्र नोंदवता येते की ज्या प्रदेशाने स्त्रीदेहाचा हा भाग देव्हाऱ्यात ठेवला त्याच प्रदेशात तो भाग दुखतो असे सांगणे अवघड आहे, आणि रेणुकेच्या कथेत आज्ञा देणारा आहे, ती पाळणारा आहे, वर मागणाराही आहे, पण जिची मान आहे तिला कोणी काही विचारल्याचा उल्लेख नाही.

मालकीचा प्रश्न सर्वांत विस्ताराने मराठीत मांडला गेला तो ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात. गीतेने देहाला क्षेत्र, म्हणजे शेत, आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हटले. ज्ञानेश्वरांनी त्या रूपकाचा पुरता कुळकायदाच उलगडला आहे. हे शेत जिवाचे, प्राण त्याचे कूळ आणि इंद्रिये त्याचे बैल, असे एक पक्ष म्हणतो. शेत प्रकृतीचे वडिलोपार्जित वतन आहे आणि जीव हा नुसता वाटसरू, असे दुसरा. कोणी ते संकल्पातून उपजले म्हणतो, कोणी स्वभावतः असेच आहे म्हणतो, आणि कोणी सगळे काळाचे असल्याचे सांगून वाद मिटवतो. पट्टादार, कूळ आणि पहाणीतली नोंद यांवरून भांडणे पाहिलेल्या आदिलाबादच्या शेतकऱ्याला हा भाग भाष्याशिवाय समजेल. या सगळ्या पक्षांत ज्याचा उल्लेखही नाही असा एक दावेदार आहे, आणि तो दुसऱ्याच्या देहाचा: नवरा, सासू, मुकादम, डॉक्टर यांपैकी कोणाचेही नाव त्या यादीत नाही. देह जिवाचा नसेल तर तो प्रकृतीचा, काळाचा किंवा ईश्वराचा ठरेल. शेजारच्या जिवाचा ठरण्याची वाट या वादात कोणीही मोकळी ठेवलेली नाही. देह आपला नव्हे ही जाणीव म्हणजे आपल्या हक्काचा त्याग, आणि हक्काचा त्याग ज्याचा त्यानेच करायचा असतो. एकाच्या वतीने दुसऱ्याने विरक्त होणे ही कल्पनाच असंबद्ध आहे. दुसऱ्याच्या शरीराविषयीची विरक्ती म्हणजे बेफिकिरी, तिला दुसरे नाव नाही.

व्यवहारात मात्र ही परस्पर विरक्ती राजरोस चालते, आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरण मराठवाड्यातच घडले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत जास्त जाणे यांसारख्या, अनेकदा साध्या औषधांनी आटोक्यात येणाऱ्या तक्रारींसाठी ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असा सल्ला मिळत होता, आणि नवरा-बायको मिळून होणाऱ्या ‘कोयत्या’ने उचल घेतलेली असल्याने पाळीमुळे पडणारा प्रत्येक खाडा पैशात मोजला जात होता. तेलंगणाकडे बोट दाखवण्याचीही सोय नाही, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांच्या प्रमाणात आंध्र प्रदेश आणि तेलंगणा ही दोन राज्ये देशात आघाडीवर दिसतात; पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात देशभर हे प्रमाण सुमारे तीन टक्के, तर तेलंगणात आठ टक्क्यांच्या आसपास आहे. या शस्त्रक्रियांमागे जे वाक्य वारंवार ऐकू येते ते ‘आता पोरं झाली, पिशवीचं काम संपलं’ हे. वरवर ते अनासक्तीचे वाक्य आहे. देहाचा एक भाग केवळ साधन होता, साध्य संपले, साधन सोडा. पण सोडणारी व्यक्ती बोलतच नसते, बोलतात ते दुसरे, आणि पंचविशी-तिशीत अंडाशयांसह गेलेल्या पिशवीनंतर हाडांची झीज, कंबरदुखी आणि निद्रानाश भोगायला मात्र तीच उरते. जो उपाय अँजिओमिक्सोमासारख्या आजारात सहा महिन्यांपुरताही जपून वापरायचा, तोच कायमचा आणि आजाराशिवाय इथे वाटला गेला. सहज होणाऱ्या आजारात नको तितके कापणे आणि दुर्मीळ आजार वेळेत न ओळखणे या दोन उलट टोकांच्या चुका दिसतात खऱ्या, पण दोन्हींच्या मुळाशी बाईने सांगितलेले लक्षण पुरते ऐकून न घेणे हेच आहे.

ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही, बाईने स्वतः ठरवणे आणि दुसऱ्याने परस्पर ठरवणे, या फरकावर उभा आहे. १८०९ च्या नाताळाच्या दिवशी अमेरिकेतील केंटकी राज्यात एफ्रम मॅकडॉवेल या डॉक्टरने जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या अंडाशयाची साडेबावीस पौंडांची, म्हणजे दहा किलोंहून जड गाठ काढली, तीही भूल देण्याचा शोध लागण्यापूर्वी. हा प्रयोग आहे आणि यात मृत्यूची शक्यता मोठी आहे हे त्याने तिला आधी सांगितले होते, आणि ते ऐकून ती घोड्यावर बसून दूरवरच्या त्याच्या गावी गेली. पुढे ती आणखी तीस वर्षांहून अधिक जगली. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत अलाबामात जे. मॅरियन सिम्स याने मूत्राशय व योनी यांच्यात पडलेली छिद्रे शिवण्याची पद्धत शोधली ती अनार्का, लुसी, बेट्सी अशा गुलाम स्त्रियांवर पुनःपुन्हा शस्त्रक्रिया करून. त्यांच्या वतीने संमती देणारे होते त्यांचे मालक. दोन्ही ठिकाणी वेदना भयंकर होत्या, दोन्ही ठिकाणी ज्ञान वाढले. तरी पहिली घटना सन्मानाने सांगितली जाते आणि सिम्सचा पुतळा २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून हलवावा लागला, यातला भेद वेदनेचा नाही आणि यशाचाही नाही.

भारतीय कायद्याने हा भेद २००८ च्या जानेवारीत स्पष्ट केला. तपासणीसाठी भूल दिलेली एक चव्वेचाळीस वर्षांची स्त्री टेबलावर असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशये काढली गेली होती. सज्ञान स्त्रीच्या जिवाला तातडीचा धोका नसताना तिच्याऐवजी इतर कोणाची, अगदी जन्मदात्या आईचीही, संमती चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. शस्त्रक्रिया वैद्यकीय दृष्ट्या योग्य होती की नव्हती हा मुद्दा न्यायालयाने त्यापासून वेगळा ठेवला, आणि तात्त्विक दृष्ट्या निकालाचे महत्त्व तिथेच आहे. योग्य उपचारही परस्पर झाला तर ते अपकृत्य ठरते, याचा अर्थ हिताची जाणीव आणि हिताचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कर्मसिद्धान्ताचा उपयोग या जागी फार सवंगपणे होतो. अशा जागी गाठ झाली म्हणजे मागच्या जन्मीचे किंवा याच जन्मीचे काहीतरी असणार, ही कुजबुज रोग्याच्या कानापर्यंत पोहोचते, आणि उपचाराला उशीर होण्यात तिचा वाटा मोठा असतो. अँजिओमिक्सोमाच्या बऱ्याच गाठींत बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाची मोडतोड आढळते; ती त्या ऊतीच्या पेशीत घडलेली असते, आईबापांकडून आलेली नसते आणि वागणुकीतूनही येत नाही. कर्मवादी यावर म्हणू शकतो की ती मोडतोड याच पेशीत का झाली याचे कारण विज्ञानाने दिलेले नाही, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे. परंतु कर्मसिद्धान्त प्रामाणिकपणे मानणाऱ्याला एक गोष्ट करताच येत नाही: दुसऱ्याचे कर्म वाचणे. प्रारब्ध कोणाला दिसत नाही, ते फक्त भोगता येते, असे मानणाऱ्या परंपरेत शेजारणीच्या गाठीचा अर्थ सांगणारा माणूस त्या सिद्धान्ताच्या बाहेर उभा असतो.

सर्वांत कठीण प्रसंग अजून राहिला आहे, कारण आतापर्यंतच्या उदाहरणांत निर्णय दुसऱ्यांनी घेतला होता आणि त्यांना दोष देणे सोपे होते. गाठीचा अंश पोटात असलेल्या, इंजेक्शनाने ती आकसलेल्या एखाद्या तिशीतल्या स्त्रीला मूल हवे असेल तर? इंजेक्शन चालू असेपर्यंत गर्भ राहणार नाही, आणि ते थांबवून गर्भ राहिला तर त्या नऊ महिन्यांत वाढणारी संप्रेरके गाठीलाही पोसतील. अँजिओमिक्सोमा गर्भारपणात वेगाने वाढल्याच्या नोंदी आहेत. इथे वैद्यक तिला थांब म्हणेल, घर बहुधा घाई कर म्हणेल, आणि तिची स्वतःची इच्छा कोणती आणि घराने पेरलेली कोणती हे तिलाही पुष्कळदा वेगळे करता येणार नाही. गीतेचा आधार घेऊन तिची इच्छा बाजूला सारणेही शक्य आहे, कारण इच्छा, द्वेष, सुख आणि दुःख यांची गणना गीतेने क्षेत्रातच, म्हणजे जाणणाऱ्यात नव्हे तर जाणल्या जाणाऱ्या देहधर्मांत केली आहे. मग देहाच्या एका विकाराला एवढे महत्त्व का द्यावे? या युक्तिवादाला उत्तर त्याच श्लोकातून मिळते. तिची अपत्याची इच्छा क्षेत्राचा विकार असेल तर तिला रोगमुक्त पाहण्याची डॉक्टरची इच्छाही क्षेत्राचाच विकार आहे, आणि वंश चालावा ही सासरची इच्छाही. तिघांच्या इच्छा एका पातळीवर आल्यावर त्यांच्यात निवड करणारा निकष एकच उरतो: परिणाम कोणाच्या क्षेत्रात भोगायचे आहेत.

हा निकष डॉक्टरला गप्प बसवत नाही. त्याच्या बोलण्याचे स्वरूप तेवढे बदलतो. मूल नको असे सांगण्याऐवजी त्याला हे सांगावे लागते की गर्भारपणात किरणोत्सर्गाशिवाय, एमआरआयने, गाठीवर लक्ष ठेवता येते, प्रसूतीची वाट गाठीने अडली तर सिझेरियन करता येते, बाळंतपणानंतर संप्रेरकोपचार पुन्हा सुरू करण्याचा विचार करता येतो, तोपर्यंत गाठ किती वाढेल याची खात्री देता येत नाही, आणि यासाठी नागपूरला किंवा हैदराबादला किती फेऱ्या पडतील. हे सगळे तिला कळेल अशा भाषेत, भीमपुरात ती मराठी असेल किंवा गोंडी, आणि शक्यतो नवरा व सासू खोलीबाहेर असताना सांगावे लागते. त्यानंतर त्यांना आत बोलावायचे की नाही, हे तिला विचारून.